‘माझ्या घरातलं सगळं इथलंच’ असं जाहिरातीतला अभिनेता म्हणाला. त्याच्यावर केस करता येते का?

प्रश्न : फर्निचरच्या एका दालनाच्या जाहिरातीत नामवंत अभिनेता म्हणतो, ‘माझ्या घरातलं सगळं फर्निचर इथलंच. शंभर टक्के सागवान, मी स्वतः पारखून घेतलंय.’ ते पाहून आम्ही तिथून तीन दारांचं कपाट घेतलं. चार महिन्यांत एक दार लटकलं. बिजागरी उपटून आली आणि आतून भुसा निघाला. मॅनेजर म्हणतो, ‘एवढा मोठा माणूस आमच्याकडे खरेदी करतो हे तुम्हाला खरं वाटलंच कसं?’ आम्हाला पैसे परत हवे आहेत आणि त्या अभिनेत्यालाही जाब विचारायचा आहे.

उत्तर : मॅनेजरच्या बोलण्याने खचू नका, पण ते हसण्यावारीही नेऊ नका. ग्राहक आयोगासमोर दालनाचा वकील नेमका हाच मुद्दा मांडेल : हे विधान कुणालाही पटण्यासारखं नाही, मग फसवणूक झाली कशी? म्हणून जाहिरातीतली वाक्यं आत्ताच वेगवेगळी करा.

‘माझ्या घरातलं सगळं इथलंच’ हे वाक्य तुमच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात कमजोर आहे. त्याच्या घरात कुठलं फर्निचर आहे यावरून तुमच्या कपाटाचा दर्जा ठरत नाही. ‘शंभर टक्के सागवान’ हे मात्र मालाबद्दलचं विधान आहे. ते कुणाच्या तोंडी घातलंय याला महत्त्व नाही. करवत लावली की खरं-खोटं कळतं. फसव्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, तपासून पाहता येईल असा दावा जाहिरातदाराला सिद्ध करता आला पाहिजे. तुमची केस या वाक्यावर उभी करा. माल ज्या दर्जाचा किंवा घटकांचा नाही तसा तो आहे असं सांगणं, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

दालनाविरुद्ध तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा. तुम्ही राहता तिथल्या आयोगात ती चालते, दालनाच्या गावी जावं लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. सदोष कपाट परत घेण्याची लेखी मागणी आजच ईमेलने पाठवा. ती कधी केली होती, हे पुढे हमखास विचारलं जातं.

या तक्रारीत अभिनेत्याला सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करण्याचा मोह टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा व्यवहार त्याच्याशी झालेला नाही. त्याच्यावर नोटीस बजावण्यात तारखा जातील, मग ‘माझं नाव वगळा’ असा अर्ज येईल आणि कपाटाचा प्रश्न तसाच पडून राहील. त्रिशूरच्या जिल्हा आयोगाने केसांच्या क्रीमच्या एका जाहिरातीबद्दल कंपनीबरोबर अभिनेत्यालाही १०,००० रुपये भरायला लावले होते, हे खरं. पण तिथे अभिनेत्याने स्वतःच क्रीम वापरलं नसल्याचं मान्य केलं होतं. अशी कबुली दर वेळी मिळत नाही.

अभिनेत्याला जाब विचारायची जागा म्हणजे फसव्या जाहिरातींवर कारवाई करणारं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. इथे ते पहिलं, न पटणारं वाक्य कामाला येतं. जाहिरातीतली शिफारस ही त्या व्यक्तीचं खरं, सध्याचं मत असली पाहिजे आणि त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा, असं वर सांगितलेली २०२२ ची तत्त्वंच सांगतात. ‘कुणी विश्वास ठेवणारच नव्हतं’ म्हणून खोटा अनुभव सांगायची मोकळीक मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ खाली शिफारस करणाऱ्याला १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एक वर्षापर्यंत, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिरातींतून शिफारस करायला बंदी घालता येते. दाव्याची योग्य ती शहानिशा केल्याचं त्याने दाखवलं, तर तो सुटतो. तक्रार लेखी किंवा ऑनलाइन करता येते, जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. या दंडातून तुम्हाला काही मिळणार नाही, हे लक्षात ठेवून अर्ज करा. आणि ‘त्याने पैसे घेऊन सांगितलं’ यावर फार शाई खर्च करू नका. प्रेक्षकाला जो संबंध सहज अपेक्षित असतो, तो जाहीर करण्याची सक्ती नाही.

दंडाच्या तरतुदीत शिफारस करणाऱ्याबरोबर उत्पादकाचा उल्लेख आहे, विक्रेत्याचा नाही. दालन म्हणेल, आम्ही फक्त विकतो. म्हणून कपाटाच्या मागच्या फळीवरचं लेबल बघा. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचं चिन्ह लावणारा कायद्याच्या व्याख्येत उत्पादकच ठरतो. तिथे दालनाचंच नाव असेल तर त्या लेबलचा फोटो तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद आहे.

बिलावरचं वर्णनही नीट वाचा. ‘ईडब्ल्यू’ लिहिलं असेल तर तो इंजिनिअर्ड वुडचा, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तुकडे दाबून केलेल्या फळीचा, संक्षेप असतो. दालन त्यावर बोट ठेवून म्हणेल, आम्ही लपवलं कुठे? त्यावर उत्तर असं की, बिल पैसे भरल्यावर हातात आलं आणि ती दोन अक्षरं सामान्य गिऱ्हाइकाला कळत नाहीत. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत काही खुलासा असेल तर तोही जपून ठेवा. खुलाशाने मुख्य दावा खोडून काढता येत नाही.

जाहिरात काढून टाकली जायच्या आत दालनाच्या अधिकृत पानावरून तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. पानाचा वेब-पत्ता, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं, प्रमाणपत्र तयार ठेवा. बिजागरीच्या वाटीचा खड्डा जवळून, चांगल्या उजेडात टिपा : अखंड लाकूड असेल तर रेषा दिसतात, भुशाची फळी असेल तर दाबलेला भुसा. सुताराकडून दोन ओळी सहीनिशी घ्या. मात्र कपाट दुरुस्त करू नका आणि निघालेला तुकडा टाकू नका. दालनाने नाकारलं तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, म्हणून तो परत मिळण्याची मागणी मूळ तक्रारीतच लिहा.