पाळणाघरातील स्वयंपाकाची वेळ

ताई, पहिले काही दिवस गोंधळाचे जातील, पण घाबरू नका. नारळ खवणे, मासळी साफ करणे ही आदोळीची (विळीची) कामे आणि वाटण मुले येण्यापूर्वीच उरका, म्हणजे नंतर उकड्या तांदळाची पेज आणि भाजी एवढेच शेगडीवर राहील. मुलांना उंबरठ्याबाहेर, परंतु तुमच्या नजरेसमोर बसवा आणि कामात वाटा द्या. तांबडी भाजी (लाल माठ) निवडायला दिली, की तीन वर्षांचे मूल एकेक पान खुडून टोपलीत ठेवण्यात किती रमते, ते मी रोज पाहते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- सगळी खेळणी एकदम काढणे. एक डबा केवळ याच वेळेसाठी राखून ठेवा.
- शेंगदाणे किंवा चणे खेळायला देणे. ते घशात अडकतात, म्हणून लहानग्यांच्या हाती ते कधीच नकोत.