डायबेटिसची गोळी स्मृतीसाठी घ्यावी का?

मला डायबेटिस नाही, पण आईला अल्झायमर होता. मेटफॉर्मिनने तो टळतो असं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंय. सुरू करू का? (वाचक, गिरगाव, वय ५८)

करू नका. टाइप २ डायबेटिस असलेल्यांना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) धोका साधारण दीडपट असतो, हे खरं. पण म्हणून साखर नसलेल्याला साखरेची गोळी तारते असं होत नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा काही ठिकाणी धोका कमी दिसला, काही ठिकाणी नाही. किडनी बरीच बिघडली असेल तर ही गोळी देतच नाहीत, म्हणजे ती घेणारे मुळातच जरा धडधाकट असतात, आणि कमी धोक्याचं श्रेय गोळीला देता येत नाही. पायोग्लिटाझोन ही डायबेटिसची दुसरी गोळी तर स्मृती शाबूत असलेल्या ज्येष्ठांना मुद्दाम देऊन पाहिली. आजार पुढे ढकलला गेला नाही आणि २०१८ मध्ये ती चाचणी थांबवली. तुम्ही बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासा, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा. यांचा डिमेन्शियाशी संबंध कितीतरी पक्का आहे.

बाबांना अल्झायमरची सुरुवात आहे. डायबेटिसचं, वजन कमी करणारं सेमाग्लुटाइड द्यावं का? (वाचक, विलेपार्ले)

यावर माझीही मोठी आशा होती. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ३,८०८ रुग्णांवर ‘इव्होक’ आणि ‘इव्होक प्लस’ या चाचण्या झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला: आजाराच्या काही जैविक खुणा सुधारल्या, पण स्मृतीची घसरण मंदावली नाही. बाबांची भूक आणि वजन आधीच उतरत असेल तर या औषधाने ते आणखी उतरेल. स्मृतीसाठी म्हणून देऊ नका.

सासूबाई ७६ वर्षांच्या. डायबेटिससाठी ग्लिमेपिराइड चालू, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. डॉक्टर खूश आहेत, पण हल्ली संध्याकाळी त्या बरळतात, घामाने भिजतात. अल्झायमर असेल का? (वाचक, भांडुप)

ताई, आधी ग्लुकोमीटर काढा. मला इथे साखर उतरल्याचा दाट संशय आहे. ग्लिमेपिराइड जेवण झालंय की नाही हे बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावतंच. वय वाढलं, किडनी मंदावली की त्याचा असर लांबतो. संकष्टीचा उपास आणि सकाळची गोळी नेहमीप्रमाणे, हे तर आपल्याकडे घरोघरी चालतं. शिवाय विसरणारं माणूस गोळी दोनदा घेतं.

तसं होईल तेव्हा लगेच तपासा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, मग पोळीभाजी किंवा दूध-बिस्किट द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आणि एकदा जरी आकडा कमी आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पुढच्या गोळीचं विचारा.

साखर वारंवार खूप उतरणाऱ्या ज्येष्ठांत डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलंय. स्मृती ढासळलेल्या माणसाला एचबीएवनसी ८ च्या आत असलं तरी पुरतं. या वयात ग्लिमेपिराइडवर ६.१ ही शाबासकीची गोष्ट नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. साखर सहसा न उतरवणाऱ्या गोळ्या मिळतात, त्याबद्दल विचारा. गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा आणि गोळी ताट समोर आल्यावरच द्या.

बारा वर्षं मेटफॉर्मिन घेतोय. पायांना मुंग्या येतात, नावं आठवत नाहीत. (वाचक, लालबाग)

बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिनमुळे ते कमी होऊ शकतं, शाकाहारी असाल तर आणखीच, आणि त्यातून ही दोन्ही लक्षणं येतात. कमी निघालं तर इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी भरून काढता येतं. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका.