सरांच्या नावाचा मंडप

प्रश्न : आमच्या सरांनी कान्हेरी, कोंडिविटे, जोगेश्वरी इथली लेणी आयुष्यभर पालथी घातली, तिथले शिलालेख आम्हाला वाचून दाखवले. गेल्या वर्षी ते गेले. महाकाली लेण्यांच्या बाजूच्या उतारावर, आमच्या वसाहतीच्या मागे, त्यांच्या स्मरणार्थ चार खांबांचा छोटा मंडप बांधायचा आहे. कोणी अर्धपुतळा म्हणतं, कोणी संगमरवरी फलक. काय करावं?
— सरांचा विद्यार्थी, अंधेरी पूर्व

उत्तर : वर्गणी काढण्याआधी लेण्यांपासूनचं अंतर मोजून घ्या. महाकाली म्हणजेच कोंडिविट्याची लेणी केंद्र संरक्षित आहेत. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आधी परवानगी लागते. चार खांब आणि छप्पर हेही बांधकामच. शिवाय जागा कुणाच्या मालकीची, तेही कागदावर पाहा. सरांच्या नावाची वास्तू पाडायची वेळ यायला नको.

पुतळ्याच्या मी विरोधात आहे. पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, बौद्ध स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा डबा निघाला. त्यात एकात एक बसवलेल्या डब्या, भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुलं. तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. भगवानलालांचा चेहरा मला डोळ्यांपुढे आणता येत नाही, पण त्या डब्यांमुळे त्यांचं नाव पक्कं लक्षात राहिलं. सरांचंही तसंच व्हावं.

कान्हेरीच्या लेखांत लोकांनी काय दान दिलं ते पाहा : पाणियपोढी म्हणजे पाण्याचं टाकं, आसनपेढिका म्हणजे बसायचे बाक. मंडपात तेच द्या. टेकता येईल असा रुंद कट्टा, प्यायचं पाणी, आणि सरांनी वाचलेली एखादी ओळ. वर लेण्यांतली ब्राह्मी लिपी, खाली मराठी, आठ-दहा वर्षांच्या मुलाचं बोट पोचेल एवढ्या उंचीवर. अक्षरं खोल कोरून घ्या, रंग भरू नका. संध्याकाळचं ऊन आडवं पडेल अशी शिळा बसवा. कोरीव अक्षर तिरप्या उजेडातच उठून दिसतं, हे सरांनी तुम्हाला दाखवलं असेलच.

दगड काळा घ्या, आपला बेसाल्ट. संगमरवर मुंबईच्या पावसात डागाळतो.

आता पाणी. उतारावरचं पावसाचं पाणी जोत्यामागे साचतं, म्हणून वरच्या अंगाला चर काढून ते बाजूने वळवा. आधारभिंतीत पाणी निथळायला भोकं ठेवा आणि ती शेवटपर्यंत उघडी आहेत ना, हे स्वतः उभं राहून बघा. अशाच एका कामावर मी देखरेख करत होते. भिंत साफसूफ दिसावी म्हणून कंत्राटदाराने ती भोकं गिलाव्याने बुजवली. माझ्या लक्षात आलं नाही. जुलैत भिंतीला हाताची ओंजळ बसेल एवढा फुगवटा आला आणि अख्खी भिंत उतरवावी लागली.

एक काम मात्र आजच करा. सरांच्या घरी शिलालेखांचे ठसे असतील. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून, वर शाई फिरवून घेतलेले. ते बहुधा गुंडाळी करून कपाटावर पडले असतील. घरच्यांना विचारून पावसाळ्याआधी उलगडा, सपाट ठेवा, प्रत्येकाचे फोटो काढा, आणि मागे पेन्सिलीने काय लिहिलंय तेही टिपा. शिळेवर कोरायची ओळ त्यांतच सापडेल.