याहू ग्रुप्स आणि ऑर्कुटवरील जुन्या चाहता-मंडळाच्या चर्चा परत मिळतील का?

सोलापुरातील जुन्या चित्रपटसंगीताच्या चाहत्यांनी वीसेक वर्षांपूर्वी या दोन ठिकाणी केलेले लेखन शोधता येईल का, असे आपण विचारले आहे. ऑर्कुट या समाजमाध्यमाबाबत फारशी आशा धरू नये. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तेथील बरीच पाने लॉगिनच्या आड असल्याने वेबॅक मशीनमध्ये (जुन्या संकेतपानांच्या ऑनलाइन संग्रहात) त्यांच्या प्रती तुरळकच सापडतात.

याहूने आपल्या ग्रुप्स या चर्चागटांवरील मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये हटवला. तरी अनेक सभासदांना तो ईमेलनेच येत असल्यामुळे, नवी पेठेतल्या एखाद्या सायबर कॅफेत बसून ज्यांनी तेव्हा ईमेल खाते उघडले आणि आजवर चालू ठेवले, त्यांच्याकडे तो अजूनही पडून असू शकतो. विषयाच्या ओळीत गटाचे नाव चौकोनी कंसात येत असे. नेमके तेच शोधावे. (असा सभासद बहुधा गटातला सर्वांत अबोल माणूस निघतो!)

जुन्या फाइलींतील मराठी मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसला, तर तो युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखी दिसावीत यासाठीची सामाईक पद्धत रुळण्याआधीच्या) फॉन्टमधील असावा. फॉन्ट ओळखून परिवर्तकाने (फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनाने) तो मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडत असल्याने मूळ फाइल कधीही पुसू नये. गोळा झालेला संग्रह दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा आणि खासगी गटातील लेखन संबंधितांच्या संमतीवाचून कोणालाही दाखवू नये.