अनोळखी माणसाशी ख्रिस्ती प्रीतीने वागायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की रविवारी उपासनेत ‘परक्यावर प्रीती करा’ ऐकतो, पण सोमवारच्या धावपळीत ते करायचं कसं? आणि इंदुरात नवीन असताना लोकांनी त्याचा भलताच अर्थ काढला तर? मी इथल्याच मराठी ख्रिस्ती घरातला. जे स्वतः पाळतो तेवढंच सांगतो.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला दयाळू शोमरोनी तुम्हाला माहीत असणारच. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला टाकलेला माणूस, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक), आणि थांबलेला शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला एक. प्रवचनं बहुधा तेल, द्राक्षारस आणि जखमा बांधण्यापाशी संपतात. मला त्यापुढचं ३५वं वचन फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगतो की याला सांभाळ, जास्त लागलं तर परतताना मी फेडीन. त्यालाही त्याची कामं होती, तो पुढे गेला. पण जाण्याआधी त्या माणसाला भरवशाच्या हाती सोपवून गेला. नोकरी-संसार असलेल्या माणसाला जमेल अशी दया मला इथेच दिसते.

सकाळी इथल्या एम. वाय. या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये जाऊन बघा. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची माणसं हातात पर्चा घेऊन उभी असतात. अनेकांना पाट्या वाचता येत नाहीत, बोली भिली नाहीतर निमाडी, आणि खिडकीमागचा माणूसही दमलेला. त्यांना बोटाने ‘उधर’ दाखवून सुटू नका, त्या खिडकीपर्यंत बरोबर चालत जा. रांग तीच आहे ना, बघा. गोळ्या जेवणाआधी की नंतर, हे बरोबरच्या नातेवाइकाकडून एकदा वदवून घ्या. गावी फोन लावायचा असेल तर लावून द्या. खिशात हात घालण्याआधी काय हवंय ते विचारा. पुष्कळदा पैसे नकोच असतात.

देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करणाऱ्या ख्रिस्ती संन्यासिनी सिस्टर राणी मारिया अशाच शेवटपर्यंत सोबत जाणाऱ्या होत्या. सावकाराच्या कचाट्यातल्या गरिबांना त्या बँकेचं कर्ज कसं मिळतं ते समजावून देत. १९९५ मध्ये त्यांची बसमध्ये हत्या झाली. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. एवढं मोठं मन आपल्याकडून रोज कोणी मागत नाही, पण दिशा तीच आहे.

रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या झंझटीला भिऊन पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं १३४-ए हे कलम सद्हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबा.

आता तुमची दुसरी शंका, लोक धर्मांतराचा भलताच अर्थ काढतील ही. ती खोटी नाही. मध्य प्रदेशात १९६८पासून धर्मांतराविषयी कायदा आहे, २०२१मध्ये तो नव्याने आला, आणि आमिष दाखवून धर्मांतर करणं हा गुन्हा आहे. पण मी सांगतोय ते कायद्याच्या भीतीने नाही. शोमरोन्याने त्या जखमीला देव विचारला नाही, जात विचारली नाही, काही कबूल करून घेतलं नाही. म्हणून मदतीबरोबर धर्मप्रचाराची पत्रकं देऊ नका, ‘चर्चला या’ म्हणू नका, फोटो काढू नका. अडलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. अशा वेळी त्याच्यापुढे आपला विश्वास ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मी मनापासून मानतो. कोणी आपणहून विचारलं की का करता, तर मात्र लपवायचं नाही. येशूने असं वागायला सांगितलंय म्हणून करतो, एवढं बोललं की पुरे.

आणि अशा कामाला एकटे जाऊ नका. ऑफिसातला मित्र, शेजारचे काका, ज्यांना यावंसं वाटेल त्यांना घ्या, कुठल्याही धर्माचे असोत. भिली येणारा कोणी बरोबर मिळाला तर फारच उत्तम.