नथीतले मोती पिवळे का दिसतात?

व्हिडिओचे कलर ग्रेडिंग (चित्रणाचे रंग व उजेड सुधारणे) नव्याने शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी याही खेपेस ‘कोणती लट घेऊ?’ हेच विचारले असल्यामुळे (केसांची नव्हे, रंगांची; म्हणजे चित्राचे रंग बदलणारी तयार फाइल, इंग्रजीत LUT) त्यातल्या एका प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहे.

प्रश्न : शिकण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागेल का? (हडपसर)

उत्तर : नाही, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती नवशिक्याला पुरेशी आहे.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाचे चित्रण कॅमेऱ्याच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये केले. विकतची ‘सिनेमॅटिक’ लट लावल्यावर चेहरे नारिंगी आणि शालू काळपट झाला. अधिक महाग संच घ्यावा का? (कोथरूड)

उत्तर : मुळीच घेऊ नये. लट म्हणजे कोणत्या रंगाच्या जागी कोणता रंग द्यायचा, याचे कोष्टक. लाल, हिरवा व निळा यांचे प्रत्येकी ३३ बिंदू घेणाऱ्या त्रिमितीय लटमध्ये ३५,९३७ नोंदी असतात. मात्र समोर नवरी आहे की मांडवाचा खांब, हे त्यातल्या एकीलाही कळत नाही. विक्रीतल्या पुष्कळ लट्स लॉग चित्रणासाठी (मुद्दाम फिके, नंतर ताणण्यासाठी नोंदवलेले चित्रण) असतात. सोनीच्या एस-लॉग३ या लॉग प्रकारात ९० टक्के परावर्तनाचा पांढरा रंग ६१ टक्क्यांवरच नोंदवला जातो, त्यामुळे फिके दिसणारे ते चित्र ताणून रेक. ७०९मध्ये (नेहमीच्या एचडी पडद्यांच्या रंगमानकात) आणणे हे अशा लटचे काम. तुमचे चित्र कॅमेऱ्याने आधीच ताणलेले होते. ते तुम्ही पुन्हा ताणले. जाहिरातीत ‘आधी’ म्हणून फिके लॉग चित्र दाखवले की ‘नंतर’चे काहीही देखणेच वाटते, यातच विक्रेत्याची सारी हातचलाखी आहे.

शिवाय तुम्ही पाठवलेल्या मूळ फ्रेममध्येही नथीतले मोती हळदीत बुडवल्यासारखे आहेत, म्हणजे दोष लटच्याही आधीचा, व्हाइट बॅलन्सचा (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीच्या जुळणीचा) आहे. लट काढा, एक्स्पोजर सुधारा, मग परेडमध्ये (तिन्ही रंगांची पातळी शेजारी शेजारी दाखवणारा आलेख) मोत्यांचे लाल, हिरवे व निळे जवळपास एका उंचीवर आणा (किंचित ऊब राहू द्या, मोती म्हणजे कागद नव्हे) आणि त्यानंतरच व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा दाखवणारा गोल आलेख) चेहरा त्यावर आखलेल्या त्वचेच्या रेषेजवळ येतो का ते पाहा. वर्ण गोरा असो वा सावळा, साध्या प्रकाशात तो त्या रेषेच्या आसपासच येतो. मांडवाचे पिवळे कापड आणि एलईडीचा प्रकाश चेहऱ्यावर मिसळला असेल, तर मात्र कार्ड पुसण्यापूर्वी मूळ फाइल अनुभवी कलरिस्टला दाखवा.

प्रश्न : फोनवर चित्र पिवळसर आणि लॅपटॉपवर निळसर दिसते. खरे कोणते? (चिंचवड)

उत्तर : मोजल्याशिवाय कोणतेच नाही. रेक. ७०९चा पांढरा सुमारे ६,५०० केल्विनचा असतो. नाइट मोड चालू असलेला फोन त्याला पिवळा करणारच. ‘मित्राच्या स्क्रीनवर छान दिसते’ हा पुरावा नव्हे. कॅलिब्रेशनचे यंत्र असलेल्या जाणकाराकडून स्क्रीन मोजून घ्या.

प्रश्न : गेल्या विसर्जन मिरवणुकीच्या ८ बिट चित्रणात ग्रेडिंग करताना गुलालाच्या धुरळ्यात पट्टे दिसू लागले. चार दिवसांत माहितीपट द्यायचा आहे. (सदाशिव पेठ)

उत्तर : मिरवणूक होऊन कितीतरी महिने लोटले आणि प्रश्न आता येतो! ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १,०२४. कमी पायऱ्या फार ताणल्या की पट्टे उमटतात. ग्रेड सौम्य करून वर बारीक ग्रेन (फिल्मसारखे कण) घातल्यास ते काहीसे झाकले जातील, पण लाल रंग चित्रणातच कापला गेला (कमाल पातळीला जाऊन तपशील हरवला) असेल तर तो परत येणार नाही. मूळ फाइल घेऊन आजच कलरिस्टकडे जा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत नेऊ नका.