फिरते कोपरे: आधी बाईंची सतरंजी सांभाळा

नमस्कार ताई,

पहिली ते तिसरी एकाच खोलीत, पट सत्तावीस. प्रशिक्षणात पाहिलेले चार फिरते कोपरे (मुलांचे गट आळीपाळीने जिथे बसून वाचनाचं काम करतात ते) तुम्ही लावलेत आणि आठवडाभरात चित्र असं, की तुमच्यापाशी बसलेली मुलं तेवढी वाचतात, बाकीची अक्षरं लिहिलेली बाटल्यांची झाकणं उडवत बसतात. वर केंद्रप्रमुख येऊन 'वर्गात गोंगाट फार' म्हणून गेले. आता पुन्हा सगळ्यांना फळ्यासमोर बसवू का, असं तुम्ही विचारलंय. ताई, कोपरे बंद करू नका. पण आहेत तसे चालूही ठेवू नका.

माझी तेवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यातली बरीच दुशिक्षकी शाळांत. फळ्यासमोर सगळा वर्ग एका सुरात वाचतो ना, तेव्हा खरं वाचणारी सहा-सात मुलंच असतात. बाकीची त्यांच्या आवाजामागून किंचित उशिराने येतात. कोण मागून येतंय हे समोर उभं राहून कळत नाही. त्या मुलाशेजारी बसावं लागतं, त्याचं बोट कुठल्या अक्षरावर आहे ते बघत ऐकावं लागतं. त्यासाठी बारा-पंधरा निवांत मिनिटं हवीत, आणि ती तुम्हाला मिळावीत म्हणून बाकीचे कोपरे आहेत. खरी शिकवणी तुमच्या सतरंजीवर, म्हणजे तुम्ही चार-पाच मुलांना घेऊन बसता त्या कोपऱ्यात होते. दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी 'बाई, हे कसं करायचं?' म्हणत तुमच्याकडे आलं, तर तो कोपरा फसला असं समजा.

माझा एक कोपरा फार वाईट फसला होता. मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सात कोपऱ्यांचं साहित्य बनवलं. चित्र आणि शब्द जुळवायची कार्डं होती, प्रत्येक जोडीची कड वेगळ्या आकारात कापलेली. तिसरीतला एक मुलगा ती सगळ्यात भरभर लावायचा आणि मी त्याला शाबासकी द्यायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला एकट्याला पाठ वाचायला दिला तर त्याला 'विमान' येईना. तो कडा जुळवत होता. जूनपासून तो रोज माझ्यासमोर कोपऱ्याकोपऱ्यात फिरला आणि एक शब्दही न वाचता फिरला. आजही नवं साहित्य करताना मी आधी एवढंच बघते: न वाचता हे पूर्ण करता येईल का? येत असेल तर ते वाचनाच्या कोपऱ्यात ठेवत नाही.

ती कार्डं मी नंतर बदलली. पुढे फक्त शब्द, मागे चित्र. आधी मोठ्याने वाचायचं, मग उलटून बघायचं. बरोबर आलं की नाही ते कार्डच सांगतं, बाईंना विचारावं लागत नाही.

आता तुमच्या वर्गासाठी सांगते. सतरंजी सोडून तीनच कोपरे ठेवा.

पहिला शब्दांचा. बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं लिहा, पण एका वेळी सगळी वर्णमाला नको. क, म, ल, र, घ आणि काना एवढ्यावर घर, मका, काम, कमळ (ळ घातला की) असे ओळखीचे शब्द होतात. केलेला शब्द वहीत लिहायचा म्हणजे लिहायचा. वहीत काही उतरलं नाही की झाकणं उडायला लागतात, तुमच्याकडे झालं ते यामुळेच असावं.

दुसरा जोडीवाचनाचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने शब्दाखाली बोट धरायचं. वाचणारा अडला तर लगेच सांगायचं नाही. हाताची पाच बोटं एकेक करून मिटायची, तोवर नाही आलं तर सांगायचं. हा नियम मुलं इतक्या मनापासून पाळतात की बघत राहावं. पुस्तकं कमी असतील तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने मराठी गोष्टी मोफत ठेवल्या आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या. छापून, शिवून घ्या.

तिसरा आपल्या पुस्तकाचा. सकाळी मुलं जे सांगतात ('आमची शेळी काल व्याली', 'एसटी आलीच नाही') त्यातली चार वाक्यं मी तक्त्यावर लिहिते. मुलं त्या कोपऱ्यात ती वाचतात, उतरवतात, खाली चित्र काढतात. महिन्याला एक पुस्तक होतं. पाठ्यपुस्तकाला न भिडणारं मूल स्वतःच्या शेळीचं वाक्य चारदा वाचतं. यातल्या कशालाच फारसे पैसे लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, ते परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच.

गट कसे करायचे, यावर प्रशिक्षणात सांगतात त्यापेक्षा माझं मत वेगळं आहे. मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या चाचणीत प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे स्तर असतात. त्यानुसार गट करून तेच फिरवले, तर अक्षरावरची सगळी मुलं शब्दांच्या कोपऱ्यात एकमेकांची तोंडं बघत बसतात. फिरणारे गट मिश्र ठेवा, प्रत्येकात तिसरीतलं वाचतं मूल असू द्या. सतरंजीवर मात्र स्तर बघूनच बोलवा. माझ्याकडे खिडकीला एक दोरी आहे आणि प्रत्येकाच्या नावाचा कपड्यांचा चिमटा. ज्यांचे चिमटे दोरीवर, ती चार-पाच मुलं आपापल्या कोपऱ्यातून उठून माझ्याकडे येतात. चिमटे रोज बदलतात, त्यामुळे 'कच्चा गट' असं नाव कुणाला चिकटत नाही. अक्षरावर अडलेलं मूल आठवड्यातून चारदा येतं, गोष्ट वाचणारं एकदा आलं तरी पुरतं.

सतरंजीवर काय ऐकायचं? मराठीतली अडणारी ठिकाणं ठरलेली आहेत. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल. पहिली वेलांटी, कारण ती डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. च आणि ज, कारण 'चहा' आणि 'चाक' यांतला च सारखा लिहितात पण सारखा म्हणत नाहीत. आणि सगळ्यात मोठा घाट म्हणजे र. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर, 'प्राणी'मध्ये पायाशी, 'राष्ट्र'मध्ये टोपीसारखा खाली, 'वाऱ्यावर'मध्ये अजून वेगळा. रफार लिहितात पुढच्या अक्षरावर आणि म्हणतात त्याच्या आधी, हे दुसरीतल्या मुलाला कुणी तरी शेजारी बसून दाखवावं लागतं. मी एका बैठकीत यातली एकच गोष्ट घेते आणि कोण कुठे अडलं ते वहीत एका ओळीत टिपते. दुसऱ्या दिवशीचे चिमटे त्या ओळीवरून ठरतात.

एक मात्र सोडून द्या. मुलाने 'पाणी'चं 'पानी' वाचलं तर थांबवू नका. ते त्याच्या घरचं बोलणं आहे, अक्षर त्याने ओळखलेलं आहे. थांबवलंत तर ते पुढचं वाक्य दबकत वाचेल. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणित अभियानाच्या लक्ष्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आहेत ते मला ठाऊक आहे, पण घड्याळ मी महिन्यातून एकदाच काढते, सतरंजीवर नाही.

सुरुवात पुन्हा करा. पहिला आठवडा फक्त जोडीवाचन, सगळ्या वर्गाला, आणि तुम्ही सतरंजीवर न बसता फिरत राहा. दुसऱ्या आठवड्यात शब्दांचा कोपरा जोडा, तिसऱ्यात पुस्तकाचा. सतरंजी चौथ्या आठवड्यात. दिवसाला दोनच फेऱ्या, पंधरा-पंधरा मिनिटांच्या. पहिलीच्या मुलांना याहून जास्त जागा बदलणं झेपत नाही. बदलायची खूण म्हणून मी खंजिरी वाजवते. ती वाजली की हातातलं पेटीत, मग उठायचं.

गोंगाटाचं म्हणाल तर केंद्रप्रमुख पुढच्या वेळी आले की त्यांना खुर्ची देऊ नका. जोडीवाचनाच्या जोडीशेजारी खाली बसायला सांगा आणि पाच मिनिटं ऐकू द्या. मुलं बोटं मिटताना दिसली की त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि पहिल्या महिन्यात कुठला कोपरा अडतोय ते इथे लिहा, मी वाचते आहे.